वारे, बाधा आणि विकार : कऱ्हाकाठच्या दुःखभाषेचा इतिहास

१

पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगाव अशी गावे घेत बारामतीकडे येते आणि सोनगावापाशी नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे, भीमेत विलीन होते. या नद्यांच्या आधाराने वसलेला कऱ्हाटीचा मुलूख मुळात अवर्षणाचा. वाङ्मयेतिहासात तो मोरोपंतांचा (१७२९–१७९४) म्हणून ओळखला जातो, तर लोकधर्माच्या इतिहासात तो खंडोबाच्या सत्तेखालचा म्हणून. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या देवाची पालखी गडावरून उतरते आणि स्नानासाठी कऱ्हेवर येते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत अनेकांना ‘वारे’ येते. ती माणसे घुमतात आणि स्वतःच्या नसलेल्या आवाजात बोलतात.

याच मुलखातल्या घराघरांतून दुसऱ्याही एका प्रकारचे बोलणे ऐकू येत असते. कुणाचा जीव घाबरतो, कुणाच्या पोटात गोळा उठतो, कुणाच्या हातापायांतले बळ जाते, कुणाची दातखीळ बसते, कुणी धसका घेतलेला असतो. आजचे मनोविकारशास्त्र या तक्रारींची वाटणी तीन खणांत करते : चिंताविकार, शरीररूपी विकार आणि विघटनाचे विकार. पहिल्यात भय हेच लक्षण असते. दुसऱ्यात इंद्रियदोषाने पुरते उलगडत नाही अशी वेदना शरीर भोगते. तिसऱ्यात स्मृती, ओळख आणि हालचाल यांना एकत्र बांधणारा धागा तुटतो. ही वाटणी जुनी नाही आणि स्थिरही नाही. तिच्या आधी या प्रदेशाकडे दुःखाची वाटणी करण्याची स्वतःची रीत होती, आणि ती आजही पूर्णपणे मोडीत निघालेली नाही. या दोन रीती एकमेकींसमोर आल्या तेव्हा काय घडले, कशाचे भाषांतर झाले आणि भाषांतरात काय हरवले, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच अर्थनिर्णयनाच्या इतिहासाचाही आहे. लक्षण हीदेखील एक संहिता असते. ती कोणी वाचावी, आणि तिच्या वाचनाचा अधिकार कोणाला असावा, यावर एका माणसाचे उरलेले आयुष्य ठरत असते.

२

कऱ्हाकाठच्या लोकभाषेत या अनुभवांचे एक नेटके व्याकरण आहे. ‘अंगात येणे’, ‘वारे येणे’, ‘संचार होणे’ हे शब्दप्रयोग देवासाठी वापरले जातात. ‘लागणे’, ‘धरणे’, ‘झपाटणे’, ‘बाधा होणे’ हे भुतासाठी. देव अंगात ‘येतो’, भूत माणसाला ‘लागते’. क्रियापद बदलले की मूल्यही बदलते. जॉन स्टॅन्ली या अभ्यासकाने महाराष्ट्रातील संचारावर लिहिताना या दोन अवस्थांमधला भेद हाच विवेचनाचा पाया मानला. एलिनॉर झेलिअट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या १९८८ च्या ग्रंथात त्याचे हे लेखन आहे. देव आलेल्या माणसाच्या पाया पडतात, त्याला प्रश्न विचारतात. भूत लागलेल्या माणसाला मात्र देवळात नेतात आणि तेथे देवाच्या सामर्थ्याने भुताला बोलते करतात. ते कोण, कोठून आले, कशासाठी आले, काय घेऊन जाईल, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले जाते. बाधित माणसाला या व्यवहारात ‘झाड’ म्हणतात. झाड बोलत नाही, झाडावर बसलेले बोलते. एका शब्दात वक्ता आणि वाणी यांची अशी फारकत करणारी ही संज्ञा कोणत्याही निवेदनमीमांसेला विचार करायला लावील अशी आहे.

भुतांचीही वर्गवारी आहे. मुंजा, समंध, हडळ, जखीण, वेताळ, पाण्याकाठच्या साती आसरा, या प्रत्येकामागे एक अपुरे राहिलेले आयुष्य किंवा न फिटलेले देणे उभे असते. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो. अतृप्त इच्छेने मेलेली सुवासिनी जखीण होते. दुसरी वाटणी ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी आहे. घरचे भूत हे कुळातल्याच कुणा असंतुष्ट मृताचे, तर बाहेरचे परक्याचे किंवा कुणीतरी करणी करून पाठवलेले. ‘बाहेरचं काही आहे का, ते बघितलं का?’ हा प्रश्न आजही दवाखान्याच्या वाटेवर विचारला जातो. वरवर पाहता हा अंधविश्वास आहे. पण त्याच्या रचनेकडे पाहिले तर तो कारणमीमांसेचा एक आराखडाही आहे. दुःखाचे मूळ नात्यात शोधायचे की नात्याबाहेर, मेलेल्यांच्या देण्यात शोधायचे की जिवंतांच्या वैरात, हे ठरवण्याची ती पद्धत आहे.

या व्याकरणात एक मधली जागाही आहे, आणि ती महत्त्वाची आहे. देवही आधी त्रास म्हणून येऊ शकतो. अंग जड होणे, अकारण रडू येणे, केसांत जट येणे, घरात एकामागून एक संकटे येणे, या गोष्टींचा अर्थ ‘देव मागतो आहे’ असा लावला जातो. मग जागरण घातले जाते, नवस फेडला जातो, क्वचित माणूस देवाला वाहिला जातो. जो त्रास होता तो व्रत होतो, आणि पुढे कधी उपजीविकाही. वाघ्या-मुरळींच्या परंपरेत अशा कथा आहेत. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या पशुपालकांच्या देवतांचा अभ्यास केला, तर रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेचा शोध घेतला. त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते की धनगर, रामोशी, मराठा अशा अनेक समाजांना बांधणाऱ्या या उपासनेत संचार ही अपवादात्मक विकृती मानली जात नव्हती. ती देव आणि समाज यांच्यातल्या संभाषणाची मान्य रीत होती. वीर येथील म्हस्कोबाच्या यात्रेतली भाकणूक हे त्याचे ठळक उदाहरण. पाऊस कोणत्या नक्षत्रात पडेल, रोगराई येईल का, हे देव माणसाच्या तोंडून सांगतो आणि सारा मुलूख ते ऐकतो. अवर्षणाच्या प्रदेशात सामूहिक चिंतेला मिळालेले हे एक संस्थारूपच होते.

३

मराठी परंपरेने हा सारा व्यवहार मुकाट्याने स्वीकारला, असे मात्र म्हणता येत नाही. त्याची चिकित्सा बाहेरून आलेल्या वैद्यकापूर्वी कित्येक शतके सुरू झाली होती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी भूतविद्या हे एक अंग. पण चरकसंहितेने आगंतुक उन्मादाची चर्चा करतानाही देव-पिशाच्चांना मूळ कारण न मानता प्रज्ञापराधाकडे, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या चुकलेल्या वर्तनाकडे, बोट दाखवले. महानुभाव तत्त्वज्ञानाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानले आणि देवतांना परमेश्वराहून वेगळे व मर्यादित ठरवले. अंगात येणारी शक्ती खरी असली तरी ती मोक्ष देणारी नव्हे, हा त्याचा निष्कर्ष. एकनाथांनी भूत, जोगवा, वाघ्या, मुरळी ही लोकविधींची रूपे भारुडांत घेतली आणि त्यांना आध्यात्मिक रूपकांची पातळी दिली. तुकारामांनी अंगात येणाऱ्या देवांची आणि नवसांच्या बाजाराची उघड थट्टा केली. रूपकात रूपांतर आणि उपहास, या दोन्ही रीती आधुनिक चिकित्सेच्या पूर्वसुरी म्हणाव्या लागतील.

परंतु संतपरंपरेतच एक साक्ष अशी आहे की जी या दोन्ही रीतींत बसत नाही. संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत कोल्हापूर येथील कपिला गाय व तिचे वासरू यांची हकीकत सांगितली आहे. वासरावर जीव जडलेली ती कोवळ्या वयाची विवाहिता. ते वासरू मेल्यावर ती दीर्घकाळ निश्चेष्ट पडते आणि त्या अवस्थेत तिला तुकारामांचे दर्शन होते. लोक तिला पाहायला येऊ लागतात, नवऱ्याचा संताप होतो, मारहाणही होते. ही हकीकत आजच्या परिभाषेत ‘विघटन’ या सदरात सहज टाकता येईल : तीव्र वियोग, शुद्ध हरपणे, दृष्टान्त. पण तसे टाकल्याने तिचा अर्थ संपत नाही. बोलण्याचा अधिकार नसलेल्या स्त्रीला त्या बेशुद्धीतून गुरू मिळाला, आणि गुरूच्या नावाने कवित्वाचा अधिकार मिळाला. शिवाय येथे वाणी दुसऱ्या कुणाची नाही. ‘झाड’ स्वतःच्या नावाने बोलू लागले आहे. लक्षणाची संहिता लिहिणारी आणि तिचे भाष्य करणारी एकच व्यक्ती असण्याचा हा मराठीतील विलक्षण लवकरचा दाखला आहे.

४

एकोणिसाव्या शतकात या मुलखाच्या दुःखाला एक नवा लेखनिक मिळाला, तो म्हणजे सरकारी दप्तर. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. आता बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हापासून ‘दख्खनच्या दंग्यां’चे आरंभस्थान म्हणून इतिहासात गेले. खते आणि कर्जाचे कागद हस्तगत करून जाळणे हा उठावाचा मुख्य हेतू होता. सरकारने आयोग नेमला, साक्षी घेतल्या, सारापद्धती, भाव आणि कर्ज यांची चिकित्सा केली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. मधल्या काळात १८७६–७८ चा दुष्काळ येऊन गेला. पुढे नीरेचा डावा कालवा झाला आणि मुलखाची बागायत व जिरायत अशी फाळणी झाली. पाटाखालच्या गावांत ऊस आला, वालचंदनगरसारखी कारखान्याची वसाहत उभी राहिली. कऱ्हेच्या वरच्या अंगाची गावे मात्र पावसाकडे डोळे लावून बसलेलीच राहिली.

त्याच दप्तराने दुसरीही एक नोंद केली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये भूतबाधेचे वर्णन आहे, घरचे आणि बाहेरचे भूत असा भेदही आहे. गॅझेटिअरांचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी याच सुमारास भूतविषयक समजुतींवर स्वतंत्र टिपणे लिहिली. नाशिकला १९०९ मध्ये मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींची माहिती जमवत होता. त्याची टिपणे पुढे एन्थोवेनने प्रकाशात आणली आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर ग्रंथ लिहिला. या नोंदी परिश्रमपूर्वक केलेल्या आहेत आणि आजही उपयोगी आहेत. पण त्यांची आणि दंग्यांच्या अहवालाची तुलना केली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कर्जाचे कागद जाळणाऱ्या पुरुषाच्या कृतीला दप्तराने कारण दिले. घुमणाऱ्या स्त्रीच्या कृतीला ‘चाल’ आणि ‘समजूत’ एवढेच नाव दिले. पहिली नोंद अर्थशास्त्रात गेली, दुसरी लोकविद्येत. एकाच दशकात, एकाच दुष्काळाखाली, कदाचित एकाच घरात घडणाऱ्या दोन गोष्टी दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या गेल्या. धास्तीचे कारण शोधण्याजोगे असते हे दप्तराला ठाऊक होते. फक्त कोणाच्या धास्तीचे, हे त्याने आधीच ठरवले होते.

या कपाटांच्या भिंती ओलांडणारे लेखन झाले ते आत्मचरित्रात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकीकत येते. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धसक्याशी वडिलांचे हे वेड जोडलेले आहे. घरातली प्रत्येक वस्तू धुतली जाते, साऱ्या कुटुंबाचे जगणे त्या शुद्धीभोवती फिरते. आजच्या भाषेत हा चिंतेचा कृतिबद्ध विकार ठरेल. लक्ष्मीबाई त्याला नाव देत बसत नाहीत. त्या राजकीय हिंसा, घरातला पुरुष आणि त्याच्या भीतीचा भार वाहणारी बायकामुले यांना एका ओळीत उभे करतात, आणि तेही विनोदाच्या अंगाने. ‘धसका’ या साध्या मराठी शब्दात घटनेचा आघात आणि त्याचा शरीरात उरलेला परिणाम हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, याचा प्रत्यय या प्रकरणात येतो.

५

युरोपातही या अनुभवांची वाटणी अशीच हलती राहिली आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी ‘हिस्टेरिया’च्या झटक्यांचे टप्पे पाडले, त्यांची प्रात्यक्षिके केली, छायाचित्रे घेववली. पिएर जाने यांनी १८८९ च्या ग्रंथात जाणिवेच्या विघटनाची कल्पना मांडली. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये असे प्रतिपादले की शरीराचे लक्षण म्हणजे दडपलेल्या स्मृतीची सांकेतिक भाषा होय. शार्कोने लक्षण पाहिले, फ्रॉइडने ते ऐकले. पण दोघांच्याही व्यवहारात अर्थ सांगण्याचा अधिकार रुग्णाकडून वैद्याकडे गेला. देवळात भुताला बोलते करणारा पुजारी आणि बाकावर निजलेल्या स्त्रीला बोलते करणारा वैद्य यांच्यातले साम्य मानववंशशास्त्राने पुढे वारंवार दाखवून दिले, ते यामुळेच.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘हिस्टेरिया’ ही संज्ञा काढून टाकली. तिच्या जागी चिंताविकार, शरीररूपी विकार आणि विघटनाचे विकार ही स्वतंत्र प्रकरणे आली. एका जुन्या, स्त्रियांना बदनाम करणाऱ्या शब्दाचे हे विसर्जन स्वागतार्ह होते. त्याची किंमत अशी, की एकाच माणसाचे भय, वेदना आणि घुमणे ही तीन वेगळी दुखणी झाली. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ‘तंद्री आणि संचार’ यांना स्वतंत्र क्रमांक दिला, परंतु अट घातली : ही अवस्था अनैच्छिक किंवा नकोशी असली पाहिजे, आणि धर्माने वा संस्कृतीने मान्य केलेल्या प्रसंगाबाहेरची असली पाहिजे. २०१३ च्या अमेरिकन पुस्तिकेने शरीररूपी विकारांचे नाव आणि निकष दोन्ही बदलले. ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ या अभावात्मक कसोटीपेक्षा लक्षणाभोवती गुंतलेल्या विचार-भावनांना तिने महत्त्व दिले. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तंद्री आणि संचार यांचेही दोन वेगळे विकार झाले आहेत.

या अटीचे मराठी व्याकरणाशी नाते पाहण्यासारखे आहे. लोकभाषा विचारते : कोण आले? वर्गीकरण विचारते : हवे होते की नको होते? दोन्ही ठिकाणी एक सीमा आहे, पण ती वेगवेगळ्या जागी आखलेली आहे. नकोसा देव आधी पीडा देतो आणि नंतर स्वीकारला जातो, तेव्हा एकाच स्त्रीचे आयुष्य वर्गीकरणाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सांडते. पहिल्या वर्षी ती रुग्ण ठरते आणि तिसऱ्या वर्षी, जागरण घातल्यानंतर, निरोगी. बदललेले असते ते तिच्या अनुभवाभोवतीचे समाजाचे वाचन. ‘संस्कृतीने मान्य केलेले’ हा निकष सोयीचा आहे, पण संस्कृतीतल्या कोणी मान्य केलेले, सासूने, नवऱ्याने, गुरवाने की तिने स्वतः, हे तो सांगत नाही.

शरीररूपी विकारांच्या संज्ञेतही एक गृहीतक दडलेले आहे. भावना आधी मनात असते आणि मग तिचे शरीरात ‘रूपांतर’ होते, हे ते गृहीतक. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील रुग्णांच्या अभ्यासातून ‘शारीरिक तक्रार ही दुःख सांगण्याची समाजमान्य भाषा असते’ हे दाखवले, तेव्हा या गृहीतकाला पहिले मोठे तडे गेले. मराठीत ‘जीव’ हा शब्दच याचे उत्तर आहे. जीव घाबरतो, कासावीस होतो, उडतो, तुटतो, टांगणीला लागतो, जिवाला घोर लागतो. हा जीव शरीर आहे की मन, हा प्रश्न मराठी बोलणाऱ्याला पडत नाही. काळीज, ऊर, पोट हे शब्दही अवयवांची आणि भावनांची नावे एकाच वेळी आहेत. ‘पोटात गोळा आला’ असे सांगणारी बाई आपल्या भीतीचे शरीरात भाषांतर करीत नसते; भाषांतर करतो तो ते वाक्य केसपेपरवर उतरवणारा.

६

कऱ्हाटीच्या शेजारी, नीरेपलीकडे, फलटण आहे. तेथील महानुभाव मंदिरात बाधा उतरवण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येऊन राहत. देवतांना दुय्यम ठरवणाऱ्या पंथाचे देवस्थान बाधितांचे आश्रयस्थान व्हावे, यात वरवर विसंगती वाटते. परंतु देवतांहून श्रेष्ठ असलेल्या परमेश्वराचे स्थान हेच बाधा दूर करण्यास समर्थ, हा तर्क त्यामागे आहे. विएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने या मंदिरातील कुटुंबांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तिचे निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. दुखणे मुलाचे किंवा नवऱ्याचे असते, आणि तंद्रीत जाते ती आई किंवा बायको. घरावरची पीडा आपल्या अंगावर ओढून घेतली तर रुग्ण मोकळा होईल, अशी त्यामागची श्रद्धा. पीडेचे एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे, आणि कुटुंबाच्या पीडेचे पात्र म्हणून स्त्रीचे शरीर नेमलेले आहे.

हे निरीक्षण दोन प्रस्थापित वाचनांना अडचणीत आणते. आय. एम. ल्युइस यांनी १९७१ च्या ग्रंथात अशी मांडणी केली होती की संचार हे दुर्बलांचे आडवळणाचे बंड असते. ज्या स्त्रीला स्वतःच्या नावाने काही मागता येत नाही ती भुताच्या नावाने मागते. कऱ्हाकाठच्या व्यवहारात याचे पुरावे नक्कीच आहेत. अंगात आलेल्या सुनेपुढे सासराही हात जोडतो, आणि भुताची मागणी म्हणून माहेरची भेट, लुगडे, विश्रांती मिळते. परंतु फलटणची आई काही मागत नाही, ती देते. तिच्या तंद्रीला बंड म्हणणे जितके अपुरे, तितकेच तिला विकार म्हणणे. बंड म्हटले की तिचा त्याग दिसेनासा होतो, विकार म्हटले की तो त्याग कोणी लादला हा प्रश्न दिसेनासा होतो. संहितेचे मुक्त अर्थ लावण्याचा उत्साह येथे थोडा आवरावा लागतो, कारण या संहितेला भूक लागते आणि मार बसला की वळ उठतात.

मराठी साहित्यसमीक्षेने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हेही या इतिहासाचे एक प्रकरण आहे. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या कोंडमाऱ्याला शब्द दिले. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ने (१९४२) जाणिवेचा प्रवाह कादंबरीत आणला, आणि नवकथेच्या काळात नेणीव ही समीक्षेची आवडती संज्ञा झाली. पण ही नेणीव बहुधा शहरी मध्यमवर्गीय पात्राला मिळाली. ग्रामीण पात्राच्या अंगात आले की ते वातावरणनिर्मितीचे किंवा विनोदाचे साधन ठरले. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) आणि राजन गवस यांची ‘चौंडकं’ (१९८५) यांसारख्या कादंबऱ्यांनी दैवी शक्तीच्या नावाखाली माणसाचे काय होते याचा आतून शोध घेतला, ते महत्त्वाचे अपवाद. शहरातल्या मनाला मनोविश्लेषण आणि गावातल्या देहाला लोकविद्या, ही विभागणी गॅझेटिअरच्या दोन कपाटांचीच पुढची आवृत्ती होय.

७

स्वातंत्र्योत्तर काळात या मुलखावर तिसऱ्या भाषेचा अंमल आला, तो कायद्याचा. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलला, आणि त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. या शेवटच्या कायद्याने उपचार हा हक्क मानला, साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार रुग्णाला दिला. या बदलामागे ६ ऑगस्ट २००१ ची एरवाडीची घटना आहे. तमिळनाडूतील दर्ग्याच्या परिसरात खाजगी आश्रमात साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत जळून मेले. श्रद्धास्थानांचा आश्रय हा नेहमीच आश्रय असतो असे मानणाऱ्यांना या घटनेने गप्प केले.

महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने बाधेच्या नावाखाली होणारी मारहाण, चटके, धुरी यांविरुद्ध लढा दिला, जटा कापण्याच्या मोहिमा केल्या आणि कायद्याची मागणी लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा आला. या कायद्याचे शब्द वाचण्यासारखे आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, इजा करणे हा गुन्हा आहे. अंगात दैवी शक्ती आल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती निर्माण करणे हा गुन्हा आहे. घुमणे हा गुन्हा नाही. अनुभव आणि अनुभवाच्या जोरावर गाजवलेली सत्ता यांच्यामध्ये कायद्याने रेषा ओढली आहे. वैद्यकाच्या ‘हवे-नको’पेक्षा आणि लोकभाषेच्या ‘देव-भूत’पेक्षा ही तिसरी सीमा वेगळी आहे, आणि तिच्यात विवेक आहे.

मात्र कायदा निषिद्ध काय ते सांगतो; घाबरलेल्या जिवाने जायचे कोठे, हे सांगत नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांनी मनोविकारांचा उपचार तालुक्यापर्यंत नेण्याचे ठरवले. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अपस्माराला बाधा समजून वर्षे वाया घालवलेल्या माणसाला, नैराश्याच्या टोकाशी पोचलेल्या बाळंतिणीला, तेथपर्यंत पोचणे हे जीवन-मरणाचे आहे. याबाबत संस्कृतीच्या सापेक्षतेची कोणतीही सबब चालणार नाही. ज्या दुखण्याला औषध आहे ते दुखणे अर्थपूर्ण आहे म्हणून औषधावाचून ठेवणे, ही अर्थाच्या नावाने केलेली क्रूरताच होय.

तरीही औषधाने दुखण्याचे वाचन पूर्ण होत नाही. देवळात निदान एक गोष्ट घडत होती : पीडा सार्वजनिक होत होती. ‘तुझे मागणे काय?’ असा प्रश्न विचारला जात होता, आणि उत्तर ऐकायला नवरा, सासू, दीर हजर असत. उत्तर भुताच्या नावे नोंदले जाई, ही त्या व्यवस्थेची लबाडी होती आणि तिची करुणाही होती. दवाखान्यात उत्तर रुग्णाच्या नावे नोंदले जाते, हा मोठा लाभ आहे. पण बहुधा ते एकटीने द्यावे लागते, आणि तेही काही मिनिटांत. निदानाची चिठ्ठी घरी येते तेव्हा तिच्यावर एकाच व्यक्तीचे नाव असते. घर त्यातून मोकळे सुटलेले असते.

सुप्याच्या शेतकऱ्यांच्या धास्तीला कारण होते हे मान्य करायला सरकारी दप्तराला एक आयोग लागला. कऱ्हाकाठच्या बायकांच्या धास्तीसाठी असा आयोग कधी बसला नाही. लोकविधीने तिला देवाचे किंवा भुताचे नाव दिले, दप्तराने चालीचे, वैद्यकाने विकाराचे. तिन्ही नावे कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर उपयोगी पडली आहेत. या तिन्हींखाली जो जीव घाबरला होता त्याचे स्वतःचे निवेदन मात्र बहिणाबाईंपासून लक्ष्मीबाईंपर्यंत तुरळक ठिकाणीच हाती लागते. कऱ्हाटीच्या दुःखभाषेचा पुढचा इतिहास लिहायचा तर त्याची साधने गॅझेटिअरच्या पुरवण्यांत किंवा निदानपुस्तिकांच्या आवृत्त्यांत फारशी मिळणार नाहीत. ती जात्यावरच्या ओव्यांत, जागरणाच्या गाण्यांत, आणि ‘मला काही होत नाही, नुसता जीव घाबरतो’ असे सांगून गप्प झालेल्या असंख्य वाक्यांच्या पुढे शोधावी लागतील.